पायगाडीचे लाकूड



ज्या गुरुजींच्या पुण्यस्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचे उभे आयुष्य मुलांच्या हाती रंधा आणि पटाशी देण्यात गेले. म्हणून विषयाची निवड माझ्यावर सोपविण्यात आली तेव्हा लाकडाखेरीज दुसरा विषय माझ्या मनात आला नाही. लाकडाची सायकल हा विषय ऐकून आपल्यापैकी काहींच्या डोळ्यांसमोर एखाद्या प्रदर्शनातील चकचकीत, हौसेची वस्तू आली असेल. ती वस्तू मीही पाहिली आहे आणि तिच्या कर्त्याच्या कौशल्याविषयी मला आदर आहे. परंतु आज मला बोलायचे आहे ते त्या सायकलीविषयी, जिच्यावरून शेतकरी भाजीची पाटी आणील, मुलगी शाळेला जाईल, आणि जी बिघडली असता गावातलाच माणूस दुरुस्त करील. अशी सायकल लाकडाची होऊ शकते काय? आणि झाली, तर ती पृथ्वीवर कमी भार टाकणारी ठरेल काय? या दोन प्रश्नांची उत्तरे मी आपणांपुढे ठेवणार आहे.

प्रारंभी थोडा इतिहास. इसवी सन १८१७ असे म्हणताच मराठी मनापुढे खडकीचे रणांगण उभे राहते, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण त्या नोव्हेंबरच्या ५ तारखेला जे घडले त्याने आपल्या राजकीय आयुष्याची दिशाच पालटली. परंतु त्याच वर्षी, एकमेकांपासून हजारो कोसांवर, लाकडाच्या दोन वस्तू प्रथमच चालू लागल्या, आणि आजच्या विषयासाठी मला त्या दोन वस्तू शेजारी शेजारी ठेवायच्या आहेत. १२ जून रोजी जर्मनीतील मानहाइम शहरातून कार्ल फॉन ड्राइस नावाचा एक सरदारपुत्र दोन चाकांच्या लाकडी यंत्रावर बसून, पायांनी जमीन मागे रेटीत, श्वेट्झिंगेनच्या रस्त्यावरील टपालाच्या ठाण्यापर्यंत गेला आणि तासाभराच्या आत परत आला. १२ ऑक्टोबर रोजी आपल्या मुंबईच्या गोदीत जमशेदजी बोमनजी वाडिया यांनी बांधलेली ‘त्रिंकोमाली’ ही सागवानी युद्धनौका पाण्यात उतरली. एक वस्तू सुमारे २२ किलो वजनाची, दुसरीचे वजन शेकडो टनांत मोजावे लागे. पण दोहोंचा प्राण एकच होता, आणि तो म्हणजे लाकूड.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. हा ड्राइस बाडेन संस्थानच्या वनखात्याचा अंमलदार होता. पगार चालू आणि कामातून मोकळीक अशी दुर्मिळ सवलत त्याला मिळाली होती, आणि त्या मोकळ्या वेळात त्याने हे यंत्र रचले. दोन वर्षांपूर्वी, १८१५ च्या एप्रिलमध्ये, सुंबावा बेटावरील तांबोरा ज्वालामुखीचा भयंकर उद्रेक झाला होता. त्याच्या धुराळ्याने १८१६ चे साल युरोपात उन्हाळ्याविना गेले, पिके बुडाली, दाणावैरण महागली, घोडी मेली, आणि त्या टंचाईतच बिनघोड्याच्या वाहनाची कल्पना ड्राइसला सुचली, असे काही इतिहासकार मानतात. इतरांना ते मान्य नाही. टंचाईचा संबंध असो वा नसो, जगातली पहिली दुचाकी एका जंगलाच्या अधिकाऱ्याने लाकडाची केली, एवढे मात्र निर्विवाद आहे. आपल्या भाषेत बायसिकलला पूर्वी ‘पायगाडी’ असा सुंदर शब्द होता. आजच्या सायकलीला तो अर्धाच लागू पडतो. ज्या गाडीवर बसणाऱ्याचे पाय खरोखरच जमिनीवर चालत, त्या ड्राइसच्या गाडीला तो अक्षरशः लागू पडतो.

आता या दोन वस्तूंचे पुढे काय झाले? ‘त्रिंकोमाली’ दोनशे वर्षे उलटून गेल्यावर आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगते आहे. पायगाडी मात्र पन्नास वर्षांतच बदलली: १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये तिला पेडल लागले आणि तिचा सांगाडा लोखंडाचा झाला, पुढे तारांची चाके आली, मग पोलादी नळ्या आल्या, आणि १८८५ च्या सुमारास आजच्या सायकलीचे रूप ठरले तेव्हा सांगाड्यातून लाकूड जवळजवळ हद्दपार झाले होते. एकच द्रव्य, एकच साल. मग एक वस्तू दोन शतके जगते आणि दुसरी दोन पिढ्यांत लाकूड टाकून देते, हे कसे? लाकूड दुबळे होते म्हणून?

लाकूड दुबळे नव्हते. हे मी भावनेने म्हणत नाही. याचा हिशेब मांडता येतो. पोलाद हे ॲश नावाच्या युरोपीय लाकडापेक्षा, म्हणजे ज्याच्या दांड्यांनी तिकडच्या कुऱ्हाडी आणि गाड्या बनत त्या लाकडापेक्षा, सोळा-सतरा पट ताठ आहे. पण ते अकरा-बारा पट जडही आहे. एकाच लांबीच्या आणि एकाच वजनाच्या दोन भरीव कांबी घ्या, एक पोलादाची आणि एक ॲशची. लाकडाची कांब हलक्या द्रव्याची असल्यामुळे साहजिकच जाड होईल, आणि वाकण्याला होणारा विरोध जाडीबरोबर इतक्या झपाट्याने वाढतो की ती लाकडी कांब पोलादी कांबेपेक्षा सुमारे आठपट ताठ निघेल. आठपट! मग पोलादाने बाजी कशी मारली? पोलादाची पातळ, पोकळ नळी ओढता येते. तेच द्रव्य मध्यापासून दूर नेऊन पसरले की त्याचा ताठपणा अनेक पटींनी वाढतो. एकोणिसाव्या शतकात लाकडाची तशी पातळ, निर्दोष नळी कोणाला करता येत नव्हती. आज येते. दोन अर्धी पन्हळी कोरून, सरसाऐवजी आधुनिक राळेने सांधून, आतून पोकळ असा लाकडी सांगाडा बनविणारे कारागीर अमेरिकेत, युरोपात आणि जपानात आहेत, आणि त्यांच्या सायकली हजारो मैल चाललेल्या आहेत.

तर मग खरा प्रश्न कोठे आहे? खरा प्रश्न सांध्यात आहे. लाकूड म्हणजे उभ्या तंतूंची जुडी. तंतूंच्या दिशेने ते बलाढ्य आहे, आडव्या दिशेने ते कैक पटींनी दुबळे आहे. म्हणूनच कुऱ्हाडीच्या एका घावाने ओंडका उभा चिरतो आणि आडवा तोडताना घाम फुटतो. ड्राइसची पायगाडी म्हणजे मुख्यतः एक सरळ तुळई होती आणि तिच्यावर पाय रेटून चालणाऱ्या माणसाचा भार पडत होता; तंतूंना त्यात काही जाच नव्हता. पण पेडल आले, आणि माणूस एकदा डाव्या, एकदा उजव्या पायाने सगळा सांगाडा पिळू लागला. जेथे दांडी, बैठकीची नळी आणि चिमटा निरनिराळ्या कोनांत एकमेकांना भेटतात तेथे कोणा ना कोणाचे तंतू तुटतातच, आणि त्याच जागी सारा ताण येऊन पडतो. वर आपला पावसाळा. घरातले दार आषाढात फुगून चौकटीला घासू लागते आणि मार्गशीर्षात पुन्हा सैल होते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत मात्र ते ओलाव्याबरोबर श्वासोच्छ्वास केल्यासारखे वाढते आणि आकसते. ज्या सांध्यात एकाची लांबी दुसऱ्याच्या रुंदीला चिकटविलेली आहे, तो सांधा दर पावसाळ्यात आतल्या आत ओढाताण सोसत असतो.

आपल्या सुतारांना हे ठाऊक नव्हते काय? पूर्ण ठाऊक होते. बैलगाडीच्या चाकाचा विचार करा. तुंबा, आरे, परिघाचे तुकडे हे सगळे बाभळीचे. कुसू खोबणीत घट्ट बसवलेले. आणि त्यावर लोहाराने तापवून चढविलेली लोखंडी धाव, जी थंड होताना आकसते आणि सगळ्या सांध्यांना एकदम मुठीत धरते. ऐन उन्हाळ्यात लाकूड वाळून चाक खिळखिळे झाले की शेतकरी ते ओढ्याच्या पाण्यात टाकून ठेवी. लाकूड फुगे, सांधे बसत, आणि तीच गाडी पुन्हा उसाच्या खेपा करी. लाकडाच्या ज्या स्वभावाला आपण दोष म्हणतो, त्यालाच येथे चाकरीस लावलेले होते. लहानपणी सुतारमेटावर बसून मी धाव चढविताना पाहिली आहे. लाल झालेले कडे, पाण्याचा फुत्कार, आणि लाकूड करकरण्याचा तो एक आवाज, ज्याच्यावर कान ठेवून म्हातारे सुतारकाका ‘बसली’ एवढेच म्हणत. तो एक शब्द हा त्या काळचा दर्जाचा दाखला होता.

जहाज बांधणाऱ्यांनी हाच प्रश्न दुसऱ्या रीतीने सोडवला होता. जेथे तुळईला वळण घ्यावयाचे, तेथे सरळ लाकडाचे दोन तुकडे जोडण्याऐवजी ते झाडाचे असे बेचके शोधीत की जेथे तंतू निसर्गतःच वळलेले आहेत. खोड आणि फांदी जेथे भेटतात तेथला सांधा झाडाने शंभर वर्षे वादळात तपासून घेतलेला असतो. त्याहून विश्वासू सांधा कोणता असणार? आणि आज, योगायोग म्हणा की परंपरा म्हणा, टोकियोत पिढ्यान्‌पिढ्या नौका बांधीत आलेल्या घराण्यातला एक कारागीर महोगनी लाकडाच्या सायकली बनवितो: पातळ पट्ट्या एकावर एक वाकवून चिकटवायच्या, म्हणजे वळणावरही तंतू अखंड राहतात. ‘त्रिंकोमाली’ आणि ड्राइसची पायगाडी यांची गाठ अशा रीतीने दोनशे वर्षांनी पडली.

लाकूड सायकलीतून पुरते गेलेही नव्हते. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत शर्यतीच्या सायकलींच्या रिमा लाकडाच्याच असत. ते हलके, आणि उष्णतेचे मंदवाहक. डोंगर उतरताना ब्रेकच्या घर्षणाने तापून टायरचा चिकटा वितळण्याचे भय लाकडात कमी. १९३४ च्या फ्रान्स-प्रदक्षिणेच्या शर्यतीत विजयी झालेला आंतोनँ मान्य ॲल्युमिनियमच्या रिमांवर धावला, पण त्या रिमा लाकडासारख्या रंगविलेल्या होत्या. तेथपासून लाकूड मागे पडले. तरीही इटलीत कोमो सरोवराच्या वरच्या डोंगरात मॅग्रेलिओ गावी एका कुटुंबाने महायुद्धानंतरही बीच लाकडाच्या रिमा वाकविण्याची कला चालू ठेवली.

आता मी दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, आणि येथे मला थोडे कठोर व्हावे लागणार आहे. लाकडाची सायकल पर्यावरणाची मित्र, कारण लाकडात कार्बन साठतो, असे आजकाल सर्रास सांगितले जाते. विधान खोटे नाही, परंतु त्याचा जमाखर्च कोणी मांडीत नाही. तो आपण मांडू. वाळलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मा कार्बन असतो. सांगाडा दोन किलोचा धरला तर त्यात एक किलो कार्बन, म्हणजे हवेतला सुमारे साडेतीन किलो कार्बन डायऑक्साइड बांधला गेला. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे सव्वादोन किलो बाहेर पडतो. म्हणजे आपल्या लाकडी सांगाड्याची सारी जमा दीड लिटर पेट्रोलाइतकी. तेवढे पेट्रोल एखादी मोटार शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन येताना सहज जाळते. शिवाय साखळी, बेअरिंगे, तारा, टायर हे सगळे धातूचे आणि रबराचेच राहते. चिकटविण्याची राळ आणि वरचे व्हार्निश बहुधा खनिज तेलापासूनच येते. पोलादी सांगाड्यापेक्षा लाकडी सांगाडा हलक्या ताळेबंदाचा आहे खरा, आणि नव्याने गाळलेल्या ॲल्युमिनियमपेक्षा तर फारच हलक्या. पण सायकलीचा खरा उपकार ती कशाची आहे यात नसून ती मोटारीऐवजी वापरली जाते यात आहे, आणि हे पोलादाच्या जुन्या काळ्या सायकलीलाही तेवढेच लागू आहे.

मग लाकडाचा आग्रह कशासाठी? माझ्या मते एकाच कारणासाठी. लाकूड हे आपल्या व्यवहारातले असे द्रव्य आहे की ज्याला वय असते. पोलादाच्या कांबेला आपण विचारू शकत नाही की तुला तयार व्हायला किती वर्षे लागली. लाकडाला विचारू शकतो. त्याचे उत्तर वलयांत लिहिलेले असते. आणि ते उत्तर मिळाले की वस्तूवर एक जबाबदारी येते: जितकी वर्षे झाडाने घेतली, निदान तितकी वर्षे वस्तूने सेवा दिली पाहिजे. तितक्या अवधीत त्याच्या जागी लावलेले दुसरे झाड उभे राहते आणि खाते बरोबर होते. त्याआधी वस्तू मोडीत निघाली तर आपण जंगलाचे देणे बुडविले. टिकाऊ विकासाच्या सगळ्या व्याख्या मी वाचल्या आहेत. मला अद्याप याहून नेमके माप सापडलेले नाही.

आणि हे माप परके आहे असे समजू नका. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाविषयी जे प्रकरण आहे, त्याचा गाभा हाच आहे. सागवान तोडायचे ते हुजूरच्या परवानगीने; आंबा-फणस हेही आरमाराच्या उपयोगाचे खरे, पण त्यांना हात लावायचा नाही, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती दीर्घकाळ पोटच्या पोरांसारखी वाढविलेली असतात; एखादे झाड जीर्ण होऊन कामातून गेले असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे. राज्याच्या निकडीपुढेही झाडाचे वय मोजणारा हा कारभारी! ‘त्रिंकोमाली’चे साग साठ-ऐंशी वर्षांचे होते असे मानले तरी तिने आपले देणे दुपटीने फेडले. परंतु ती मुंबईत का बांधली गेली याचा विसर पडू देऊ नका. नेपोलियनच्या युद्धांत इंग्लंडचे ओक संपत आले होते, म्हणून मलबारचा साग तोडला गेला, इतका की १८०६ मध्ये कंपनी सरकारला तेथे वनरक्षक नेमावा लागला. लाकूड आहे म्हणून वस्तू निर्दोष, असे कधीच नसते.

या मापाने आपण भिंतीवर टांगलेल्या महागड्या लाकडी सायकलीकडे पाहिले तर? ती टिकेल, पण सेवा देणार नाही. उलट आपण आफ्रिकेत, काँगोच्या पूर्व सीमेवर किवू सरोवराकाठच्या गोमा शहरात जाऊ. तेथे ‘चुकुडु’ नावाचे वाहन आहे. लाकडाची एक लांब फळी, पुढे उभे हँडल, दोन लाकडी चाके आणि त्यांवर जुन्या टायरची पट्टी. पेडल नाही, बैठक नाही. माणूस एक गुडघा फळीवर टेकतो आणि दुसऱ्या पायाने ढकलतो. ड्राइसच्या पायगाडीची ही सख्खी बहीण, आणि ती आजही शेकडो किलो कोबी, बटाटे, कोळसा, सरपण ज्वालामुखीच्या दगडी रस्त्यांवरून शहरात आणते. निलगिरीचे किंवा दुसरे एखादे कणखर लाकूड, कोयता आणि करवत एवढ्यावर ती बनते. चाक फुटले की रस्त्याच्या कडेला नवे कातले जाते. शहराने या वाहनाचा सोनेरी पुतळा चौकात उभारला आहे. युद्धाने आणि ज्वालामुखीने पुनःपुन्हा उद्ध्वस्त होणाऱ्या त्या शहरात कोणा पराक्रमी सेनापतीऐवजी ओझे वाहणाऱ्या लाकडी गाडीला हा मान मिळावा, या गोष्टीने मी फार हेलावलो. लाकडी वाहनाची सायकल-जगतातली खरी शाळा मला तेथे दिसते. युरोपातल्या शोरूमात मला ती दिसत नाही.

आपल्याकडे काय करता येईल? बांबूचा मार्ग मोकळा झाला आहे. तीन-चार वर्षांत पिकणाऱ्या बांबूपासून घानात सायकली बनू लागल्या. पुण्यात हवाई दलातून निवृत्त झालेल्या एका वैमानिकाने हा उद्योग हाताने मांडला. कायद्यानेही हात आखडता घेतलेला नाही: १९२७ च्या वन कायद्यात बांबू हा ‘वृक्ष’ गणला जाई, आणि आपल्या शेतातला बांबू वाहून न्यायलाही परवान्यासाठी हेलपाटे पडत; २०१७ च्या दुरुस्तीने जंगलाबाहेरचा बांबू त्या व्याख्येतून सुटला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने २०११ साली आपल्या जंगलातल्या बांबूच्या वाहतुकीचे पासबुक ग्रामसभेच्या हाती मिळविले, ही हकीकत आपणांस ठाऊक आहेच. कोकणातला भरीव माणगा बांबू तर सायकलीसाठी घडविल्यासारखा आहे.

पण माझे मन धामणीत गुंतले आहे. आपल्या सह्याद्रीच्या जंगलात वाढणारे हे झाड फारसे कोणाच्या लक्षात नसते. कावडीचा दांडा, गाडीच्या दांड्या, हत्यारांच्या मुठी या धामणीच्या करीत, कारण ते लाकूड वाकते, लचकते आणि पुन्हा सरळ होते. ओझ्याखाली लचकणारी कावड म्हणजे धामणीच्या तंतूंचा हिशेबी स्वभाव. युरोपात जे काम ॲशने केले, ते येथे धामण करू शकेल. सागाचे तेल राळेला चिकटू देत नाही, बाभूळ जड पडते, शिसव जडही आणि महागही. धामणीच्या पातळ पट्ट्या वाफेवर वाकवून, वळणावर तंतू न तोडता, चिमटा आणि दांडी घडवून पाहिलेला माझ्या माहितीत येथे कोणी नाही.

म्हणून या सभेकडे माझी एक विनंती आहे. या गावात तंत्रनिकेतन आहे आणि ज्यांच्या आजोबांनी चाकांवर धावा चढविल्या असे सुतारही आहेत. दोघांनी मिळून, जंगलखात्याची रीतसर परवानगी घेऊन, पडलेल्या एका धामणीच्या खोडापासून एकच सांगाडा करावा. खोड कापताना वलये मोजून त्यांची संख्या सांगाड्यावर कोरावी आणि त्याच संख्येइतकी रोपे लावावीत. मग ती सायकल कोणा दूधवाल्याला किंवा टपालवाल्याला द्यावी, आणि त्याने ती चार महिने घाटाखालच्या पावसात रोज चालवावी. खंडेनवमीला रंधा आणि पटाशी पुजली जातील तेव्हा तिलाही त्या पूजेत उभे करावे. पूजा झाल्यावर कुंकू पुसून तिचे सांधे एकेक करून उघडावेत, आणि पावसाने कोठला सांधा सुटला, कोठला बसला, हे एका वहीत लिहून ठेवावे. पुढच्या वर्षी या व्यासपीठावर व्याख्याता म्हणून मला न बोलावता ती वही येथे वाचावी.